तळ्याकाठची फेरी आणि वैशाखातला मेळावा

आमच्या फेरी मंडळाचा वार्षिक मेळावा मे महिन्यात भरतो असे बाहेरगावच्या पाहुण्याला सांगितले की, बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या सोलापुरात ऐन वैशाखात तुम्हाला फिरायला सुचते तरी कसे, असा प्रश्न हमखास येतो. सोलापूरकराला उन्हाळा चुकत नाही, म्हणून तो पहाट धरतो, एवढेच त्याचे उत्तर आहे. शिवाय मे महिन्यातच शाळांना सुट्टी असते, पुण्या-मुंबईला नोकरीसाठी गेलेली मुले घरी आलेली असतात, अक्षय तृतीयेची बसवजयंतीची मिरवणूक बहुधा आटोपलेली असते आणि पावसाच्या आधी शहराला थोडी उसंत असते. ही वेळ ज्या जुन्या मंडळींनी ठरवली, त्यांनी ती फार विचारपूर्वक ठरवली होती, असे मला दर वर्षी वाटते.

फेरीची सुरुवात सिद्धेश्वर तलावाच्या गणपती घाटावरून होते. संक्रांतीच्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, दिवसांत याच परिसरात पाय ठेवायला जागा नसते. नंदीध्वज येतात, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात आणि सारे शहर तिथे लोटते. मे महिन्यातल्या पहाटे मात्र घाटावर दहा-वीस माणसे, पोहणारी चार मुले आणि पाण्यालगत उडत जाणारा एखादा पाणकावळा एवढेच असते. सोलापूर जानेवारीत पाहून गेलेल्यांनी ते मे महिन्यातही पाहावे, असा माझा आग्रह असतो. पाण्याने वेढलेले सिद्धेश्वराचे मंदिर, पलीकडे भुईकोट किल्ल्याची काळी तटबंदी आणि सूर्य वर येताना त्या तटाच्या वरच्या थरांना आधी लागणारे ऊन, हे पाहत पाहत आम्ही चालतो. तटाच्या दगडांच्या सांध्यांत पिंपळाची रोपे उगवलेली आहेत आणि त्यांची कोवळी तांबूस पाने त्या उन्हात लांबूनही दिसतात. हा किल्ला चांदबीबीच्या लग्नात आंदण म्हणून अहमदनगरच्या निजामशाहीकडून विजापूरच्या आदिलशाहीकडे गेला, ही हकिकत दर वर्षी कोणी ना कोणी नव्या सभासदाला चालता चालता सांगतो, आणि आम्ही जुने लोकही ती पुन्हा आवडीने ऐकतो.

फेरीनंतर जवळच्या एका शाळेच्या पटांगणात, कडुलिंबाच्या झाडाखाली, सभा भरते. दीपप्रज्वलन, पाहुण्यांचे स्वागत, अहवालवाचन आणि जमाखर्चाला मंजुरी हे सर्व यथासांग पार पडते. त्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. पाहुण्यांची भाषणेही चांगली होतात. माझे मन मात्र त्यानंतरच्या भागाकडे लागलेले असते. त्या वेळी सभासदांपैकी ज्येष्ठ मंडळी आपापल्या जागी उभी राहून तळ्याविषयी बोलतात.

त्यात पहिला मान आमच्या अण्णांचा. अण्णांनी तरुणपणी गिरणीत साच्यावर काम केले आणि गिरणी बंद पडल्यावर पूर्व भागात यंत्रमागावर उरलेले आयुष्य काढले. त्यांच्या घरात तेलुगू बोलली जाते आणि शाळाही त्यांनी तेलुगूतच केली. पण सभेत ते मराठीत बोलतात, सावकाश आणि प्रत्येक शब्द तोलून. घाटाच्या किती पायऱ्या यंदा उघड्या पडल्या आणि कोणत्या पायरीला अजून ओल आहे, हे ते आधी सांगतात. त्यासाठी ते फेरीच्या आदल्या दिवशी एकटे घाटावर जाऊन येतात. मग त्या पायरीवरून ते मागच्या उन्हाळ्यांकडे वळतात. १९७२ च्या दुष्काळाचे वर्णन त्यांच्या तोंडून ऐकावे: दुष्काळी कामावर खडी फोडणारी माणसे, रांगेत मिळणारी सुकडी, परदेशातून आलेल्या मिलो नावाच्या लाल ज्वारीची न फुगणारी भाकरी आणि हंडा टेकवून विहिरीच्या काठाशी बसलेल्या बाया. अण्णा आवाज चढवत नाहीत आणि कोणाला दोषही देत नाहीत. नळाला चार-चार दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरातली माणसे ते ऐकत असतात, आणि पटांगणात लहान मुलेसुद्धा चुळबूळ करत नाहीत. हे भाषण मी इतक्या वर्षांत ऐकत आलो आहे, तरी मिलोच्या भाकरीपाशी माझे डोळे भरून येतात आणि ते लपवावेत असेही आता मला वाटत नाही.

अण्णांनंतर आमच्या निवृत्त शिक्षिका अक्का उठतात. त्या सिद्धरामेश्वरांचे एक वचन आधी कन्नडमध्ये म्हणतात आणि मग त्याचा अर्थ मराठीत सांगतात. बाराव्या शतकातल्या या शिवयोग्याने सोन्नलिगेत, म्हणजे आजच्या सोलापुरात, लोकांना सोबत घेऊन तळे खोदले, अडुसष्ट लिंगांची स्थापना केली आणि पुढे कल्याणच्या शून्यपीठाचे, म्हणजे बसवण्णांच्या परंपरेतल्या शरणांच्या धर्मपीठाचे, अध्यक्षपद भूषवले, हे इथल्या शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. अक्कांच्या तोंडून ते ऐकताना मात्र खोदणाऱ्या माणसांचे हात दिसू लागतात. शिवाची पूजा आणि तळ्याची माती उपसणे ही दोन कामे त्या योग्याने वेगळी मानली नाहीत, असे त्या सांगतात आणि वचनाच्या शेवटी येणारी ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुना’ ही मुद्रा, म्हणजे वचनकाराची नाममुद्रा, हात जोडून पुन्हा एकदा उच्चारतात. ज्यांना कन्नडचा एक शब्दही येत नाही, त्यांचेही हात त्या वेळी आपोआप जोडले जातात. मोठमोठ्या व्याख्यानमालांतली भाषणे मी ऐकली आहेत; पण अक्कांच्या त्या थोड्या मिनिटांची सर मला कशालाच आलेली दिसली नाही.

मे महिना हा सोलापूरकरांच्या दृष्टीने आणखी एका कारणाने जड आहे. महात्मा गांधींच्या अटकेनंतर १९३० च्या मे महिन्यात हे शहर पेटून उठले, सरकारी अंमल काही दिवस जवळजवळ संपला आणि १२ मे रोजी इथे लष्करी कायदा पुकारला गेला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. सभा संपली की आम्ही या हुतात्म्यांच्या चार पुतळ्यांपाशी जाऊन फुले वाहतो, आणि मंडळातली सर्वांत लहान मुलगी ती चार नावे मोठ्याने म्हणते. याच ठिकाणी मला दर वर्षी थोडे वाईट वाटते, आणि ते मी इथे स्पष्टच लिहितो. सकाळच्या फेरीला आलेली बरीच मंडळी सभेतला नाश्ता झाला की निघून जातात. लग्नाची तिथी असते, ऊन चढलेले असते, आदल्या रात्री क्रिकेटचा सामना पाहून जागरण झालेले असते. व्हॉट्सअॅपच्या गटावर ‘नक्की येणार’ असे कळवणाऱ्यांची यादी फार मोठी असते आणि पुतळ्यांपाशी उभी राहणारी माणसे मोजकीच असतात. घाटापासून हे अंतर काही फार नाही. ज्यांना चालवत नाही, त्यांच्यासाठी रिक्षाचीही सोय असते. तरुण सभासदांनी याचा विचार करावा, अशी माझी मनापासून विनंती आहे.

दुपार घरोघरी पडदे ओढून काढली जाते. सायंकाळी मंडळ पुन्हा जमते ते विजापूर रस्त्यावरच्या धर्मवीर संभाजी तलावाकाठी, ज्याला आमची पिढी अजून कंबर तलाव म्हणते. हिवाळ्यातले पाहुणे पक्षी तोपर्यंत परत गेलेले असतात. तरी बगळे, टिटव्या आणि पाण्यात माना बुडवणारे वारकरी पक्षी दिसतात, आणि काठावरचा गुलमोहर भरात असतो. ऊन उतरल्यावर पाण्यावरून येणारा वारा लागला की दिवसभराच्या काहिलीचा शीण जातो. या वेळी भाषणे नसतात. कोणी भजन म्हणते, कोणी तेलुगू लग्नगीत, एखादा पोरगा उर्दू गझल म्हणून दाखवतो. मग शेंगापोळी, कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कैरीचे पन्हे यांची पंगत बसते. आमच्या कडक भाकरीला नावे ठेवणाऱ्या एका पुणेरी जावईबापूंनी गेल्या खेपेला दुसऱ्यांदा मागून घेतली, याची नोंद महिला विभागाने आवर्जून ठेवली आहे.

आता आभाराविषयी. सभेत आभारप्रदर्शन घाईत होते आणि पुष्कळांची नावे राहतात, म्हणून मी इथे सविस्तर लिहितो. ही माणसे प्रसिद्धीला संकोचतात, त्यामुळे नावाऐवजी कामानेच त्यांचा उल्लेख करतो. पहाटे चार वाजता माठ भरून, त्यावर ओले फडके गुंडाळून ते हातगाडीवरून घाटावर आणणारे मामा. शाळेचे पटांगण आदल्या संध्याकाळी झाडून, सडा घालून ठेवणारे शिपाईकाका आणि त्यांच्या पत्नी. सतरंज्या विनामूल्य देणारे मंडपवाले. भाषणाच्या ऐन वेळी बंद पडलेला ध्वनिक्षेपक स्वतःच्या दुकानातून तार आणून सुरू करणारे इलेक्ट्रिशियन भाऊ. शेंगा भाजून, पाखडून, उखळात कुटून चटणी करणाऱ्या सहा घरच्या काकू, मावश्या आणि वहिनी. ज्येष्ठांना घरून आणून घरी पोहोचवणारे तिघे रिक्षाचालक. चक्कर आलेल्या आजींना सावलीत बसवून मीठ-साखरेचे पाणी देणाऱ्या परिचारिकाताई. फेरीच्या आधी घाटावरचे प्लास्टिक आणि निर्माल्य गोळा करणारे महापालिकेचे सफाई कामगार, ज्यांना कामाच्या वेळेमुळे नाश्त्याला थांबता येत नाही आणि ज्यांचे डबे आम्ही आता आधी बाजूला काढून ठेवतो. छायाचित्रे काढणारा आणि म्हणूनच एकाही छायाचित्रात नसलेला चिटणिसांचा भाचा. आणि अहवालाची शुद्धलेखनाची तपासणी रात्र जागून करणाऱ्या ग्रंथपालबाई. हजेरीचे रजिस्टर सांभाळणारे भाऊसाहेब यंदा आजारी असूनही खुर्चीवर बसून सह्या घेत होते. त्यांच्या प्रकृतीला लवकर आराम पडो. पन्ह्यासाठी कैऱ्या देणाऱ्या बार्शीकडच्या शेतकरी कुटुंबाचा उल्लेख अहवालात राहिला होता, तो इथे मुद्दाम करतो. यातूनही कोणी राहिले असल्यास चिटणिसांकडे कळवावे, म्हणजे पुढच्या अहवालात त्यांची नोंद होईल.

पुढच्या फेरीची तारीख नेहमीप्रमाणे पाडव्यानंतरच्या बैठकीत ठरेल. अण्णांना आता घाटाच्या पायऱ्या उतरताना त्रास होतो, तेव्हा आदल्या दिवशी त्यांच्याबरोबर जायला दोन धडधाकट मुले हवी आहेत. ज्यांची तयारी असेल त्यांनी आपली नावे भाऊसाहेबांच्या रजिस्टरात लिहावीत.