पुढचा टायर उद्या येणार आहे

रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४११ या मोटारसायकलला पुढे ९०/९०-२१ मापाचा टायर लागतो आणि पुण्यात तो कायम उद्या येणार असतो. मागचा १२०/९०-१७ पहिल्याच दुकानात मिळाला, बसवला, विषय संपला. ऑइल, फिल्टर, चेन ही कामं एका सकाळीत उरकली. पुढच्या टायरने मात्र दसरा ते दिवाळी एवढा काळ खाल्ला. त्याचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहितोय.

दिवाळीनंतर कोकणात रेवस ते रेडी असं किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं ठरलं होतं. आगरदांडा-दिघी, वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा सगळ्या फेरीबोटी घेत, घाई न करता. मागे बायको, दोन्ही बाजूंना सामान. ज्यांनी गाडी बोटीत चढवली आहे त्यांना जेटीचा तो शेवाळलेला, उतरता काँक्रीट ठाऊक असेल. तिथे पुढचं चाक घसरलं तर मागचा टायर कितीही नवा असून उपयोग नाही.

माझा पुढचा टायर दिसायला बरा होता. नक्षी शिल्लक होती, झिजेची खूण अजून वर आलेली नव्हती. पण नक्षीच्या गोट्यांवरून तळहात एका दिशेने फिरवला की गुळगुळीत लागायचं आणि उलट फिरवला की करवतीसारखं. असा टायर वळणावर गुरगुरतो आणि हँडल हलकं थरथरतं. शिवाय बाजूच्या भिंतीवर केसासारख्या बारीक चिरा पडल्या होत्या. म्हणून बदलायचा.

नाना पेठेतल्या एका दुकानात गेलो. नाव लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही, त्याच्या शेजारचाही तसाच असणार. शेठ म्हणाले, "मागचा आहे, पुढचा उद्या येतोय. थोडे पैसे देऊन ठेवा म्हणजे दुसऱ्याला जायचा नाही." दिले. हिरोच्या एक्सपल्स या गाडीलाही पुढे हेच माप लागतं, त्यामुळे गिऱ्हाईक बरंच असणार, हे मला पटलं.

दुसऱ्या दिवशी फोन. "गाडी निघालीय, संध्याकाळी बघा." संध्याकाळी, "ट्रान्सपोर्टवाल्याचा लोचा झालाय, उद्या." मग रविवार. मग "भिवंडीहून माल सुटलाय". मग दिवाळीच्या गर्दीमुळे गोडाऊन बंद. एकदा तर मी समोर उभा असताना शेठनी कोणालातरी फोन लावला, "अरे साहेब उभे आहेत, कधी पाठवतोस?" असं दरडावून विचारलं आणि फोन ठेवून मला म्हणाले, "उद्या." पलीकडे कोणी होतं की नाही, देव जाणे. ऑफिसातून नाना पेठेत जायचं म्हणजे लक्ष्मी रोडची दिवाळीची गर्दी कापत जायचं, गाडी लावायला जागा शोधायची आणि "उद्या" ऐकून परत यायचं.

शेवटी एका संध्याकाळी त्यांचाच फोन आला. "आला तुमचा टायर."

गेलो. पोऱ्याने टायर आणून काउंटरवर टाकला. माप बरोबर, खाली ५४एस लिहिलेलं, म्हणजे २१२ किलो वजन आणि ताशी १८० किलोमीटर वेग झेलणारा. तेही बरोबर. मी तारीख शोधायला लागलो. टायरच्या भिंतीवर डीओटी या अक्षरांच्या ओळीच्या शेवटी लांबट गोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पुष्कळदा ते एकाच बाजूला असतात, म्हणून टायर उलटायला सांगितला. पोऱ्याने शेठकडे बघितलं. शेठनी कॅल्क्युलेटरकडे बघितलं. मीच उलटला. धूळ अंगठ्याने पुसली तेव्हा ३८२१ वाचता आलं.

२०२१ सालचा अडतिसावा आठवडा. आणि आम्ही उभे होतो २०२४च्या दिवाळीच्या तोंडावर.

"शेठ, हा तीन वर्षांचा आहे."

"नवीन आहे साहेब. अजून रस्ता बघितला नाही त्याने."

"तारीख बघा ना."

"टायर काय दूध आहे का नासायला?"

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर सावलीत, कोरड्या खोलीत ठेवलेला दोन-तीन वर्षांचा टायर लगेच निकामी होतो असं नाही. टायर कंपन्याही तसं म्हणत नाहीत. पण हा सावलीत नव्हता. मी इतक्या फेऱ्या मारत होतो तेव्हा तो दुकानाबाहेर शटरच्या वरच्या आकड्याला लटकलेला असायचा, हे मला तेव्हा लख्ख आठवलं. मी त्याच्या खालून आत जात होतो! अर्धा भाग उन्हाने तपकिरी झालेला आणि शेजारी दिवसभर धडधडणारा हवेचा कॉम्प्रेसर. ऊन आणि विजेच्या मोटारीतून निघणारा ओझोन, दोन्ही रबराचे वैरी. रबर मऊ ठेवणारे घटक कमी होत जातात आणि ते कडक होतं. कडक रबर कोरड्या डांबरावर चालून जातं, ओल्यावर चालत नाही. हे सगळं मी शेठना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सगळे असेच नेतात." किंमत मात्र पूर्ण. सूटही ताज्या टायरवर मिळते तेवढीच.

टायर नको म्हटल्यावर पैशाचा प्रश्न आला. "पैसे परत देत नाही आम्ही, माल घ्या. ऑइल घ्या, सगळ्यांनाच लागतं." काउंटरवर डबा आला. मोटारीच्या इंजिनाचं ऑइल. उत्तम कंपनीचं, पूर्ण सिंथेटिक, माझ्या ऑइलपेक्षा महागही. मी डबा फिरवून मागची बाजू वाचली आणि परत सरकवला.

हे नीट सांगतो, कारण यात पुष्कळजण फसतात. आपल्या बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. मोटारीच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असू शकतात. इंजिनाला ती चांगली, पण क्लचच्या प्लेट एकमेकींना धरून ठेवायच्या असतात, घसरायच्या नसतात. घाटात मागे माणूस आणि सामान असताना थ्रॉटल पिळला, इंजिन ओरडलं आणि गाडी पुढे गेली नाही, तर कारण हेही असू शकतं. म्हणून डब्यावर जासो (ऑइलचं जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलं हवं. एमबी नको, ते घर्षण कमी करणारं, कोरड्या क्लचच्या स्कूटरसाठी चालतं. हिमालयन ४११ला कंपनी १५डब्ल्यू-५० दाटपणाचं ऑइल सांगते. मी तेच घालतो. मित्र म्हणतात २०डब्ल्यू-५० घाल, आपल्याकडे गरमच असतं. घाला बापडे. माझ्या मते मॅन्युअल लिहिणाऱ्याने इंजिन जास्त जवळून पाहिलेलं असतं.

शेठनी मग १५डब्ल्यू-५० आहे का बघतो म्हणून पोऱ्याला माळ्यावर पाठवलं. नव्हतं. उद्या येणार होतं.

मी हसलो, ते हसले नाहीत. शेवटी ऑइल फिल्टर, पुढची-मागची ट्यूब आणि चेनचं ऑइल घेतलं, तरीही त्यांच्याकडे माझे पैसे उरलेच. फिल्टर घेताना खोक्यातलं सगळं उघडून बघितलं. सोबत रबराच्या रिंगा होत्या आणि कागदाच्या घड्या सारख्या अंतराच्या, टोकाला नीट चिकटवलेल्या होत्या. नकली फिल्टरमध्ये घड्या एका बाजूला दाटलेल्या आणि दुसरीकडे विरळ असतात, बोटाने चाचपलं तरी कळतं. खोक्यावरचा पार्ट नंबर जुन्या फिल्टरशी ताडून पाहावा. सुटा, बिनखोक्याचा फिल्टर कितीही स्वस्त असला तरी नको.

मग मी फोन हातात घेतला. दिसेल त्या दुकानाला एकच निरोप: माप अमुक, तारखेच्या आकड्यांचा फोटो पाठवा, पैसे लगेच टाकतो. निम्म्यांनी उत्तरच दिलं नाही. एकाने दुसऱ्याच टायरचा फोटो पाठवला. साताऱ्याच्या एका दुकानदाराने न बोलता फोटो टाकला, २९२४. खाली लिहिलं, "राखून ठेवतो, या." ॲडव्हान्स मागितला नाही. खंबाटकी घाट चढून साताऱ्याला गेलो. पेट्रोल धरून हिशेब केला तर टायर महाग पडला, पण तो हिशेब मी घरी कोणाला सांगितलेला नाही.

तिथला फिटर म्हणजे मुद्दाम बघावा असा माणूस. टॉमीने, म्हणजे टायर काढायच्या लोखंडी पट्टीने, टायर उतरवल्यावर त्याने रिमच्या आतल्या रबरी पट्टीवरून बोट फिरवलं, एका आरीच्या निपलवर ती फाटली होती. "ही अशीच ठेवली असती तर दाभोळला पंक्चर काढत बसला असता," म्हणाला. पट्टी बदलली, नव्या ट्यूबला पावडर चोळली, टायरवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेला आहे ना ते पाहिलं, पिवळा ठिपका वाल्वजवळ आणला. हवा भरल्यावर चाक हळू फिरवत टायरच्या काठावरची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का ते बघत बसला. एका जागी रेघ आत दबलेली दिसली. हवा सोडली, साबणाचं पाणी लावलं, पुन्हा भरली. आपण उभे असतो तेव्हा एवढं तरी पाहावं. रेघ वाकडी असेल तर चाक उड्या मारतं आणि आपण बेअरिंग बदलत बसतो.

येताना बोगद्यातून आलो, हळू. नव्या टायरवर साच्यातला निसरडा थर असतो, तो जाईपर्यंत पहिले शंभर-दीडशे किलोमीटर गाडी जास्त आडवी करायची नाही की एकदम ब्रेक दाबायचा नाही.

नक्षी कुठली घेतली ते सांगायचं राहिलंच. कंपनीतून सिएटचे ग्रिप एक्सएल आले होते, थोडे रस्त्याचे, थोडे मातीचे. मी परत त्याच जातीचे घेतले. मित्रांनी मोठ्या गोट्यांचे नॉबी घे म्हणून डोकं खाल्लं. फोटोत ते झकास दिसतात, पण माझा प्रवास बहुतेक डांबरावर होतो, तिथे ते आवाज करतात, लवकर झिजतात आणि ओल्या रस्त्यावर त्यांचं कमी रबर टेकतं. आणखी एक, पुढे रेडियल (आतले दोरे आडवे असलेला) आणि मागे साधा (दोरे तिरके असलेला), असं मिश्रण कंपनीने सांगितल्याशिवाय करू नये.

हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. माझ्या गाडीला एकट्याला पुढे २५, मागे ३२ पीएसआय. मागे माणूस असेल तर मॅन्युअल सांगेल तेवढी वाढवा. पंपावरचा काटा वेगळंच काही सांगतो, स्वतःचा गेज घ्या. आणि नायट्रोजन भरा म्हणून कोणी गळ घातली तर साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो हे सांगून पुढे व्हा.

ऑइल बदलताना इंजिन कोमट असावं, ड्रेन बोल्टचं वायसर नवं टाकावं आणि बोल्ट हाताने दोन-तीन आटे बसल्यावरच पाना लावावा. ॲल्युमिनियमचे आटे एकदा गेले की खर्च मोठा. पातळी काचेतून, गाडी सरळ उभी धरून बघायची. साइड स्टँडवर काच फसवते. थोडं जास्त असलेलं बरं, हा समज चुकीचा आहे, जास्तीचं ऑइल इंजिनाच्या श्वासनळीतून (ब्रीदरमधून) एअर फिल्टरच्या पेटीत येतं आणि कागदी फिल्टर तुपकट होऊन गुदमरतो.

एअर फिल्टर मी जाण्याआधी बदलला नाही, फक्त तपासला. आल्यावर बदलला, आणि तेच बरोबर. रत्नागिरीपासून खाली चिऱ्याच्या ट्रकमागे गाडी चालवली की जी लाल धूळ बसते ती झटकून जात नाही. कागदी फिल्टर धुवायचा तर नाहीच, जोरात हवा मारूनही कागदाला भोकं पडतात. धुता येतो तो फोमचा किंवा कापडाचा.

टायरने शेवाळलेल्या जेटीवर काही कुरबूर केली नाही. नाना पेठेतल्या शेठकडे माझे उरलेले पैसे अजून आहेत. ब्रेक पॅड घेऊन हिशेब मिटवावा म्हणून परवा फोन केला होता. पुढचे पॅड आहेत, मागचे उद्या येतायत.