लॉगिनशिवाय उघडणारी पट्टी

‘साइट आता भारी झाली भो. ओटीपी-बिटीपी काही मागत नाही, डायरेक पट्टी उघडते.’

निंभोऱ्याच्या एका केळी उत्पादकाने तो सभासद असलेल्या संस्थेच्या ऑफिसात फोन करून हे कळवलं, तेही कौतुकाने. कारकुनाने ते आम्हाला जसंच्या तसं सांगितलं. जळगावला आमच्याकडे मात्र ते ऐकून सगळ्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. पट्टी म्हणजे विकलेल्या मालाचा हिशेब. तीत शेतकऱ्याचं नाव, माल किती क्विंटल गेला, कपात किती, भाव काय लागला आणि खात्यात किती जमा झाले, सगळं असतं. ती लॉगिनशिवाय उघडत असेल तर लिंक ज्याच्या हातात त्याला ती दिसणार, आणि लिंका व्हॉट्सॲपवर गावभर फिरतात.

आधी पट्ट्यांच्या फोल्डरला सरळ ५०३ (‘सध्या बंद’ सांगणारा कोड) लावला. भावाचं पान चालू ठेवलं, कारण ऐन कापणीत बऱ्हाणपूरचा भाव दिसला नाही तर रावेर-सावद्याकडून फोनांचा पाऊस पडतो. मग कारण शोधायला बसलो.

पार्श्वभूमी थोडक्यात. जुना सर्व्हर उबंटू या ऑपरेटिंग सिस्टीमच्या २०.०४ आवृत्तीचा. त्याचा मोफत सपोर्ट मे २०२५ मध्ये संपत होता, म्हणून संस्थेची वेबसाइट सांभाळणाऱ्या तरुणाने सगळं २४.०४ वर हलवलं. २०.०४ सोबत एंजिनएक्स (पानं पाठवणारा वेब सर्व्हर) १.१८.० येतं, २४.०४ सोबत १.२४.०. पट्ट्यांची राखण मात्र आमच्या एका जुन्या सहकाऱ्याने सी भाषेत लिहिलेलं, एंजिनएक्सला जोडायचं छोटं मॉड्यूल करतं: विनंती आली की फाइलच्या नावातून सभासद क्रमांक काढायचा, कुकीतलं (लॉगिननंतर ब्राउझर सोबत पाठवतो त्या नोंदीतलं) ३२ अक्षरांचं टोकन त्याच्याशी ताडून बघायचं, जमलं तर फाइल द्यायची, नाही तर ४०३, म्हणजे नकार. आज कुणी विचारलं तर मी असलं मॉड्यूल लिहूच नका म्हणेन. ऑथ-रिक्वेस्ट हे एंजिनएक्सचं स्वतःचं मॉड्यूल तेच काम करतं. पण त्या काळी मशीन लहान होतं आणि प्रत्येक पट्टीमागे पीएचपी उठवणं परवडत नव्हतं.

त्या तरुणाने आधी जुन्या मशीनवरची तयार एसओ फाइलच (बांधून झालेलं मॉड्यूल) उचलून नव्या मशीनवर ठेवली. एंजिनएक्सने ती नाकारली: ‘व्हर्जन १०१८००० इन्स्टेड ऑफ १०२४०००’. हा आकडा वाचायला सोपा आहे. पहिला १ मेजर, पुढचे तीन आकडे ०१८ मायनर, शेवटचे तीन ००० पॅच. मॉड्यूल ज्या सोर्सवर बांधलं त्याचा आकडा त्याच्या पोटात कोरलेला असतो आणि लोड करताना एंजिनएक्स तो स्वतःच्या आकड्याशी ताडतं. इथे जवळपासचं चालत नाही. १.२४.० वर बांधलेलं १.२४.० लाच लागणार. बांधताना विथ-कॉम्पॅट हा पर्याय लावला की ही अट सुटते, असा गैरसमज मी पुष्कळांच्या तोंडून ऐकला आहे. ती सुटत नाही.

जाता जाता, हेच स्थलांतर २०.०४ वरून २२.०४ वर केलं असतं तर ही तपासणी बिनबोभाट पार पडली असती, कारण तिथेही एंजिनएक्स १.१८.० च आहे. पण ओपनएसएसएल ही एन्क्रिप्शनची लायब्ररी १.१.१ वरून ३.० वर गेलेली. मॉड्यूल तिच्यातल्या जुन्या लिबक्रिप्टोशी जोडलेलं असतं तर वेगळीच ओरड ऐकू आली असती.

विथ-कॉम्पॅट कशासाठी, तर दुसऱ्या तपासणीसाठी. आकडा जुळला की एंजिनएक्स एक सही बघतं: ८,४,८ ने सुरू होणारी आणि पुढे शून्य-एकांची रांग असलेली ओळ. ८, ४, ८ म्हणजे पॉइंटर (मेमरीतला पत्ता), ॲटॉमिक आणि वेळ यांच्या प्रकारांचे बाइट. पुढचा एकेक अंक म्हणजे ईपोल आहे का, थ्रेड्स आहेत का, पीसीआरई (मजकुरातले नमुने शोधणारी लायब्ररी) आहे का, रिअल-आयपी आहे का, असा एकेक होय-नाही. ज्यांच्यामुळे आतल्या स्ट्रक्चरची लांबी बदलते असे हे पर्याय. कॉम्पॅट लावलं की त्या जागा आधीच राखून ठेवल्या जातात, म्हणून आपला कॉन्फिगर उबंटूच्या कॉन्फिगरशी शब्दन्‌शब्द जुळवावा लागत नाही. ते विसरलं की ‘नॉट बायनरी कंपॅटिबल’ हा संदेश येतो. तो आला तर डोकं खाजवत बसू नका. स्ट्रिंग्ज कमांडने एंजिनएक्सच्या बायनरीतून आणि एसओ फाइलमधून ८,४,८ ची ओळ काढा आणि एकाखाली एक ठेवा. कुठला अंक वेगळा ते नजरेनेच दिसतं.

तर एसओ फाइल चालली नाही, मग त्याने सोर्सवरून बांधायला घेतलं. सोर्स बरोबर आणला, विथ-कॉम्पॅट लावलं, ॲड-डायनॅमिक-मॉड्यूलला फोल्डरचा पत्ता दिला, मेक मॉड्यूल्स चालवलं. इथवर सगळं बरोबर. जीसीसी १३ या कंपायलरने थांबवलं: हेडर्स-इन मध्ये ‘कुकीज’ नावाचा सदस्य नाही, तुम्हाला ‘कुकी’ म्हणायचं आहे का?

ही सूचना फसवी आहे. जून २०२२ मध्ये आलेल्या १.२३.० मध्ये एंजिनएक्सने हेडर (विनंतीसोबत येणाऱ्या माहितीच्या ओळी, कुकी त्यातलीच) साठवायची आतली रीतच बदलली. आधी एकाच नावाच्या अनेक हेडरांचा ॲरे असायचा, आता ती एकमेकांना जोडलेली साखळी आहे. म्हणून ‘कुकीज’ हा ॲरे गेला आणि ‘कुकी’ हा साखळीच्या पहिल्या कडीचा पॉइंटर आला. त्याबरोबर कुकी शोधणारं पार्स-मल्टी-हेडर-लाइन्स हे फंक्शनही बदललं. आधी तीन आर्ग्युमेंट होती, आता पहिलं आर्ग्युमेंट विनंती स्वतः, अशी चार. आणि खरी मेख परत येणाऱ्या किमतीत. आधी सापडलं तर क्रमांक, नाही सापडलं तर एनजीएक्स-डिक्लाइन्ड, म्हणजे उणे ५. आता सापडलं तर पॉइंटर, नाही सापडलं तर नल, म्हणजे शून्य.

कंपायलरने सुचवलं तसं त्याने ‘कुकीज’चं ‘कुकी’ केलं. आर्ग्युमेंट कमी पडतात अशी पुढची ओरड आली, तिथे विनंती घातली. मग शेवटची ओरड: पॉइंटरची आणि पूर्णांकाची तुलना. नियमाने ही नुसती वॉर्निंग. पण एंजिनएक्सच्या मेकफाइलमध्ये (बांधणीच्या सूचनांच्या फाइलीत) डॅश-डब्ल्यूएरर असतं, त्यामुळे वॉर्निंगलाही काम थांबतं. इंटरनेटवर याचा पहिला सल्ला ठरलेला आहे: ऑब्ज्‌स फोल्डरातल्या मेकफाइलमधून डॅश-डब्ल्यूएरर खोडून टाका. त्याने खोडलं. मॉड्यूल बांधलं गेलं. कॉन्फिग तपासली, सिंटॅक्स ओके, टेस्ट सक्सेसफुल. लॉगिन केलं, पट्टी उघडली. संस्थेला कळवून टाकलं की झालं.

‘दादा, वॉर्निंगच तर होती,’ असं तो नंतर म्हणाला. त्याला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. हा सल्ला दहातल्या नऊ जागी चालून जातो, म्हणून तर तो वर असतो.

त्या ओळीचं काय झालं ते बघा. मॉड्यूल म्हणत होतं, उत्तर उणे ५ आलं तर ४०३ द्या. आता उत्तर उणे ५ कधीच येणार नाही. कुकी असेल तर एखादा पत्ता येईल, नसेल तर शून्य. म्हणजे ‘कुकी नाही’ ही फांदी मेलीच. कुकी नसलेली विनंतीही पुढच्या पायरीवर गेली. ती पायरी टोकन ताडायची, तिथे तरी अडायला हवं होतं. पण किंमत ठेवायच्या जागेत सुरुवातीला लांबी शून्य, आणि फंक्शनला काही सापडलं नाही तर ते त्या जागेला हात लावत नाही. मॉड्यूलने तुलना केली ती स्ट्रिंग-एन-कंपेअरने, आणि किती अक्षरं ताडायची तर कुकीत आलेल्या किमतीच्या लांबीइतकी. शून्य अक्षरं ताडली की उत्तर नेहमी ‘सारखी आहेत’. दार उघडलं.

इथे एक शंका आली आणि ती आम्ही अजून बंद न केलेल्या जुन्या मशीनवर तपासली. कर्ल या कमांडने कुकी पाठवली, नाव बरोबर, बरोबरीचं चिन्ह आणि पुढे काहीच नाही. उत्तर २००. म्हणजे १.१८.० वर सुद्धा रिकामी कुकी पाठवणाऱ्याला पट्टी मिळत होती. ब्राउझरमधून असं कुणी करत नाही, म्हणून ते कधी उघडकीला आलं नाही. नव्या आवृत्तीने फक्त तो चोरदरवाजा हमरस्त्यावर आणला.

दुरुस्ती छोटी. एंजिनएक्स-व्हर्जन १०२३००० किंवा वर असेल तर नवी पद्धत, नाही तर जुनी, अशी प्रीप्रोसेसरची अट घातली. नव्या पद्धतीत नल आलं तर ४०३. दोन्ही पद्धतींनंतर आधी लांबी नेमकी ३२ आहे का ते बघायचं, मगच अक्षरं ताडायची, आणि तीही ओपनएसएसएलच्या क्रिप्टो-मेमकंपेअरने, म्हणजे किती अक्षरं जुळली याचा अंदाज वेळेवरून लागत नाही. डॅश-डब्ल्यूएरर जागच्या जागी.

बांधणी मात्र चालत्या सर्व्हरवर नाही, वेगळ्या २४.०४ च्या मशीनवर केली. तिथे आणखी एक अडथळा आला. आमच्या २०.०४ च्या काळातल्या टिपणात लिबपीसीआरई३-डेव्ह बसवा असं लिहिलेलं आहे, ते तसंच बसवलं गेलं. नावातल्या ३ वर जाऊ नका, ते जुनं पीसीआरई आहे. नवं म्हणजे लिबपीसीआरई२-डेव्ह. एंजिनएक्स १.२१.५ पासून पीसीआरई२ समजतं, दोन्ही असतील तर पीसीआरई२ घेतं, एकटं जुनं असेल तर मुकाट्याने जुनं घेतं. उबंटू २४.०४ चं एंजिनएक्स पीसीआरई२ वर बांधलेलं आहे. आमचं मॉड्यूल बांधलं गेलं, आकडा जुळला असता, सहीही जुळली असती, कारण सहीत पीसीआरई आहे की नाही एवढाच अंक आहे, १ की २ ते नाही. पण गाडी तिथवर पोचलीच नाही: ‘अनडिफाइन्ड सिम्बॉल पीसीआरई-एक्झेक’. एंजिनएक्स एसओ फाइल उघडतानाच सगळी नावं सोडवून घेतं, ते बरंच. नाही तर ऐन विनंतीच्या वेळी प्रोसेस पडली असती. असं काही दिसलं की एलडीडीने एंजिनएक्सची बायनरी बघा, कुठलं पीसीआरई ते एका ओळीत कळतं. सरळ उपाय म्हणजे सॉफ्टवेअर सोर्सच्या फाइलीत डेब-सोर्स चालू करून ॲप्ट बिल्ड-डेप एंजिनएक्स आणि ॲप्ट सोर्स एंजिनएक्स चालवणं. लागणारी पॅकेजं तीच येतात आणि सोर्सही उबंटूच्या पॅचेससकट मिळतो.

तयार एसओ फाइल सर्व्हरवर ठेवताना सीपीने जुन्यावर चढवू नका. चालू प्रोसेसने ती फाइल मेमरीत जोडलेली असते, आतला मजकूर पायाखालून बदलला की वर्कर पडतात. वेगळ्या नावाने आणून एमव्हीने जागेवर सरकवा. आणि रीलोड नको, रीस्टार्ट. रीलोडमध्ये जुनंच मॉड्यूल मेमरीत राहू शकतं, मग दुरुस्ती करूनही चूक तशीच दिसते आणि माणूस वेडा होतो.

मग कर्लने कुकीशिवाय, रिकाम्या कुकीने, एक अक्षर कमी असलेल्या टोकनने, दुसऱ्या सभासदाच्या टोकनने, आणि बरोबर टोकनने अशा विनंत्या मारल्या. शेवटचीला २००, बाकी सगळ्यांना ४०३. नुसतं ‘लॉगिन करून उघडतंय’ बघणं म्हणजे कुलूप लावून फक्त किल्लीनेच उघडून बघणं. कुलूप ओढूनही बघायचं असतं.

ब्रॉटली (पानं दाबून लहान करणारं) आणि हेडर्स-मोअर (हेडर बदलणारं) ही दोन मॉड्यूलंही तो तरुण सोर्सवरून बांधत होता, ती आम्ही काढूनच टाकली. २४.०४ मध्ये दोन्हीची तयार पॅकेजं आहेत. ती पॅकेजं एंजिनएक्सच्या ठरावीक एबीआयवर (बायनरींच्या आपसातल्या जुळणीच्या खुणेवर) अवलंबून असल्याची नोंद ठेवतात, त्यामुळे न जुळणारं एंजिनएक्स ॲप्ट बसवूच देत नाही. आपण हाताने बांधलेल्या एसओ फाइलला हे संरक्षण नाही. उबंटू एका आवृत्तीत सुरक्षेचे पॅच देतं पण मूळ आकडा १.२४.० च ठेवतं, त्यामुळे रोजच्या अपडेटला भीती नाही. कुणी बाहेरची रेपॉझिटरी जोडून पुढचं एंजिनएक्स चढवलं तरच अडचण. एंजिनएक्स होल्डवर टाकायचा, म्हणजे त्याचे अपडेट रोखून धरायचा, सल्ला मी देत नाही, त्याने सुरक्षेचे पॅचही थांबतात. पॅकेज बसलं की आपोआप चालणाऱ्या डीपीकेजीच्या पोस्ट-इन्व्होकमध्ये कॉन्फिग तपासणी लावली आणि ती पडली तर आम्हाला मेसेज येतो, एवढं पुरतं.

राहिला प्रश्न संस्थेच्या अध्यक्षांचा: कुणाकुणाच्या पट्ट्या कुणी बघितल्या? त्याला नेमकं उत्तर देता आलं नाही. कंबाइंड लॉगमध्ये आयपी, वेळ, पत्ता, कोड, रेफरर आणि ब्राउझर असतो, कुकी नसते. त्या काळात २०० ने गेलेल्या पट्ट्यांची यादी काढून दिली आणि त्या सगळ्या उघड्या पडल्या असं धरून सभासदांना कळवा म्हणून सांगितलं. टोकनं ज्या किल्लीने बनतात ती बदलली, सगळ्यांना पुन्हा ओटीपी टाकावा लागला. लॉगमध्ये आता एंजिनएक्सच्या मॅपने एक रकाना वाढवला आहे: कुकी आली तर १, नाही तर ०. टोकन स्वतः लॉगमध्ये लिहायचं नाही, लॉगची फाइल बॅकअपमधून कुठेकुठे जाते याचा हिशेब कुणाकडे नसतो.