शक्तिमान घरी आला एकदाचा!

लिलावातला शक्तिमान काल रात्री वाईत पोचला. जर्मन मान कंपनीच्या परवान्यावर १९५९ पासून जबलपूरला बनायचा तो लष्करी ट्रक. पुणं सुटेपर्यंत साहेब शहाण्यासारखे चालले. शिरवळला डिझेलच्या लाइनीनं हवा धरली. फिल्टरचा बोल्ट सैल करा, हातपंप मारा, फेस थांबून नुसतं डिझेल आलं की आवळा. खंबाटकीत पुन्हा तेच! त्यात पॉवर स्टेअरिंग नाही. दंड अजून भरलेत. घाटात एका निवृत्त सुभेदारकाकांनी स्कूटर थांबवली, बॉनेटवर थाप मारली आणि न विचारता पंप हातात घेतला. चहासुद्धा त्यांनीच पाजला. टाकी आतून गंजलीय बहुतेक, रविवारी उतरवतोय. कुणाकडे चेनपुली आहे का?