शेंदरी गेला, विटकरी आला

आईच्या पंचाहत्तरीची पत्रिका मीच कॉम्प्युटरवर केली, स्क्रीनवर बॅकग्राउंड असा झळझळीत शेंदरी की बघत राहावं, आणि गिरगावातल्या एका दुकानातून प्रिंट हातात आली तर चक्क विटकरी. आई म्हणाली, "अरे, हे काय, कौल आहे का?" दुकानदाराशी हुज्जत घातली, पण खरं म्हणजे चूक माझीच. स्क्रीन लाल-हिरव्या-निळ्या उजेडाने रंग दाखवते, प्रिंटर सायन (आकाशी निळी), मॅजेंटा (गडद गुलाबी), पिवळी, काळी शाई टाकतो, काही भडक रंग त्या शाईत बसतच नाहीत. त्यात माझा मॉनिटर फुल ब्राइटनेसवर, मग प्रिंट काळपटच वाटणार ना!

आता घरच्या इंकजेटवर काढतो तेव्हा मॉनिटरचा पांढरा रंग ६५०० केल्विनला, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा, ब्राइटनेस बराच खाली, कागदाप्रमाणे आयसीसी प्रोफाइल (त्या प्रिंटर-कागदावर रंग कसे उतरतात ते सांगणारी फाइल) निवडायचं आणि आधी सॉफ्ट प्रूफ, म्हणजे प्रिंट कशी येईल त्याचा स्क्रीनवरच अंदाज, बघायचं. सगळ्यात मोठी गोची म्हणजे फोटोशॉपमध्ये प्रोफाइल लावलं की प्रिंटर ड्रायव्हरमधलं (प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं) कलर मॅनेजमेंट बंद करायचं, नाहीतर दोघंही रंग दुरुस्त करत बसतात आणि चेहरे गुलाबी-बिलाबी येतात, आमच्या मामाचा आला होता, अजून ऐकवतो. आणि हो, प्रिंट ट्यूबलाइटखाली नाही, गॅलरीत दिवसाउजेडी बघतो.