पंखा पाव फेरा फिरून थांबला

सुटे भाग स्वतः निवडून, दोन संध्याकाळी खपून जोडलेल्या संगणकाचे बटण मी पहिल्यांदा दाबले, तेव्हा प्रोसेसरवरचा पंखा जेमतेम पाव फेरा फिरला आणि थांबला. पुन्हा बटण दाबले, तर तेवढेही झाले नाही. एसएमपीएसचा, म्हणजे संगणकाच्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याचा, मागचा स्विच बंद करून मिनिटभराने पुन्हा चालू केला आणि बटण दाबले, तेव्हा पंखा पुन्हा तेवढाच हलला व थांबला. हा तपशील मी इतका बारकाईने सांगतो आहे, कारण दोष कोठे आहे हे त्या पाव फेऱ्यातच स्पष्ट दिसत होते. ते वाचायला मला दोन दिवस लागले आणि त्या दोन दिवसांत मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर जोडले जातात तो मुख्य बोर्ड, खराब निघाला असे मी मनाशी जवळजवळ ठरवून टाकले होते.

‘संगणक सुरू होत नाही’ या एका वाक्यात किमान तीन निरनिराळ्या स्थिती दडलेल्या असतात. बटण दाबल्यावर काहीच घडत नाही, ही पहिली. क्षणभर हालचाल होऊन सगळे थांबते, ही दुसरी. आणि पंखे व्यवस्थित फिरतात पण पडद्यावर काहीच उमटत नाही, ही तिसरी. या तिन्हींचा शोध वेगवेगळ्या ठिकाणी घ्यावा लागतो आणि त्यासाठी बटण दाबल्यानंतर आत कोणत्या क्रमाने काय होते, हे माहीत असणे फार उपयोगाचे ठरते.

एसएमपीएसला वीज मिळत असेल, तर संगणक बंद असतानाही तो मदरबोर्डला ५ व्होल्टचा एक लहानसा पुरवठा चालू ठेवतो. आपण बटण दाबतो तेव्हा मुख्य वीज त्या बटणातून वाहत नाही. बटण मदरबोर्डला फक्त खूण करते. मदरबोर्ड मग २४ पिनांच्या जोडणीतील १६ क्रमांकाची तार ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टच्या तारेला, जोडतो आणि ती आज्ञा मिळताच एसएमपीएस १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे मुख्य पुरवठे सुरू करतो. हे पुरवठे स्थिर झाल्याची खात्री पटली की साधारण १०० ते ५०० मिलिसेकंदांत तो मदरबोर्डला ‘वीज ठीक आहे’ असा संकेत देतो. त्यानंतरच प्रोसेसर कामाला लागतो, बायोसची, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमची, चिप वाचतो, रॅम तपासतो, ग्राफिक्स जागे करतो आणि शेवटी डिस्ककडे वळतो. ही साखळी जेथे तुटते, त्याच्या आसपासच दोष असतो.

माझ्या बाबतीत खूण पोहोचत होती, कारण पंखा हलत होता. म्हणजे बटण आणि त्याची तार ठीक होती आणि एसएमपीएसही जागा होत होता. मुख्य पुरवठा सुरू होताच त्याला कोठेतरी शॉर्ट सर्किट जाणवत होते आणि स्वतःचे व बाकीच्या भागांचे रक्षण करण्यासाठी तो बंद होत होता. असे संरक्षण एकदा लागू झाले की मागचा स्विच बंद करून थोडे थांबल्याशिवाय बरेचसे एसएमपीएस पुन्हा प्रतिसाद देत नाहीत. दुसऱ्यांदा बटण दाबल्यावर काहीच का झाले नाही, याचे उत्तर त्यात होते.

काहीच हालचाल नसेल, तर वाट निराळी आहे. एसएमपीएसचा स्विच आणि विजेची तार पाहून झाल्यावर २४ पिनांची जोडणी पूर्ण आत गेली आहे का, हे पाहावे. ती बसवायला अपेक्षेपेक्षा जास्त जोर लागतो आणि कडी अडकल्याचा आवाज आल्याशिवाय ती बसली असे मानू नये. मग मदरबोर्डच्या कडेला असलेल्या पिनांपैकी पॉवर बटणाच्या दोन पिना माहितीपुस्तिकेतून शोधून काढाव्यात, कॅबिनेटच्या बटणाची तार काढावी आणि त्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचे टोक क्षणभर टेकवावे. संगणक सुरू झाला, तर तार चुकीच्या पिनांवर होती किंवा बटणच खराब आहे. बटणाची तार उलटी बसली तरी चालते. दिव्यांच्या तारांना मात्र अधिक-उणे पाहावेच लागते.

येथे एसएमपीएसविषयी दोन गोष्टी आग्रहाने सांगतो. त्याचे झाकण कधीही उघडू नये, कारण आतील कपॅसिटरमध्ये वीज तोडल्यानंतरही धोकादायक विद्युतभार राहू शकतो. दुसरे असे की सुट्या, म्हणजे काढता-लावता येणाऱ्या, तारांचे एसएमपीएस असतील, तर एकाच्या तारा दुसऱ्याला कधीही वापरू नयेत. मदरबोर्डकडचे टोक सारखे असले तरी एसएमपीएसकडच्या टोकातील पिनांचा क्रम प्रत्येक उत्पादकाचा, काही वेळा तर एकाच उत्पादकाच्या दोन मॉडेलांचाही, वेगळा असतो. ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले की डिस्क जळायला क्षणही लागत नाही.

माझ्या शॉर्ट सर्किटचा शोध अखेर लागला तो सगळे उतरवून ठेवल्यावर. मदरबोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढला आणि तो ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून आला होता, त्याच खोक्यावर ठेवला. त्यावर प्रोसेसर, त्याचा पंखा आणि रॅमची एकच पट्टी ठेवली, २४ पिनांची आणि प्रोसेसरजवळची ८ पिनांची अशा दोनच जोडण्या केल्या. माझ्या प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स असल्यामुळे ग्राफिक्स कार्डही बाजूला ठेवता आले. पिनांना स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि पंखा फिरू लागला, आणि फिरतच राहिला.

बोर्ड चांगला होता. दोष कॅबिनेटमध्ये होता. मदरबोर्ड ज्या पितळी स्टँडऑफवर, म्हणजे त्याला पत्र्यापासून उचलून धरणाऱ्या छोट्या खांबांवर, बसतो, त्यांपैकी काही कॅबिनेटमध्ये आधीपासून लहान आकाराच्या बोर्डासाठी लावलेले होते. माझा बोर्ड पूर्ण आकाराचा, ९ छिद्रांचा. मी कमी पडणारे स्टँडऑफ लावले, पण जो नको होता तो काढायचा राहिला. बोर्ड उलटा करून दिव्याखाली तिरपा धरला, तेव्हा खालच्या कडेपासून थोडे वर, डाळिंबाच्या दाण्याहूनही लहान असा एक गोल ठसा दिसला. तेथे दोन डाखांची टोके किंचित चपटी झाली होती. नेमकी त्याच जागी दहाव्या स्टँडऑफची कडा टेकत होती आणि बोर्डाच्या पाठीमागचा पुरवठा थेट कॅबिनेटच्या पत्र्याशी जोडला जात होता. संरक्षण नसते, तर तो ठसा जळका असता.

खोक्यावर पंखा फिरत होता, पण पडदा काळाच राहिला. मी आता तिसऱ्या स्थितीत आलो होतो, आणि येथे माझी खरी चूक झाली.

अलीकडच्या अनेक मदरबोर्डांवर प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट अशा चार टप्प्यांसाठी चार बारीक दिवे असतात. तपासणी ज्या टप्प्यावर अडते, त्याचा दिवा पेटून राहतो. माझ्या बोर्डावर रॅमचा दिवा पेटला होता. मी मिनिटभर वाट पाहिली, वीज तोडली, पट्टी काढून पुन्हा बसवली, पुन्हा मिनिटभर थांबलो. मग दुसरी पट्टी लावून पाहिली. मग सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेल काढून बायोसची स्मृती पुसली. दर वेळी तोच दिवा आणि तोच काळा पडदा.

माझी रॅम डीडीआर५ या अलीकडच्या पिढीची होती. अशी रॅम पहिल्यांदा सुरू होताना प्रोसेसर आणि रॅमच्या चिपांमधल्या प्रत्येक वाहिनीवर संकेत नेमके कोणत्या क्षणी वाचायचे, याची जुळणी करावी लागते. तिला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. या काळात पडदा काळा असतो, रॅमचा दिवा पेटलेला असतो आणि हे सगळे कित्येक मिनिटे चालू शकते. जुळणी झाली की तिचा निकाल साठवला जातो, म्हणून पुढच्या वेळी संगणक लवकर सुरू होतो. पण वीज मध्येच तोडली, पट्टी बदलली किंवा बायोसची स्मृती पुसली, की सगळे पहिल्यापासून. मी दुरुस्ती समजून जे जे करत होतो, ते चालू असलेले काम दर वेळी मोडत होते.

शेवटी पट्टी प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत, म्हणजे बहुतेक बोर्डांवर जिला ए२ म्हणतात तीत, दोन्ही टोके खटकन बसेपर्यंत दाबली, बटणाच्या पिना जोडल्या आणि खुर्ची मागे घेऊन बसलो. साडेतीन मिनिटांच्या सुमारास रॅमचा दिवा विझला आणि पडद्यावर बायोसचे पान उमटले.

काळ्या पडद्याची आणखी काही कारणे तपासायला सोपी आहेत आणि ती आधी तपासावीत. प्रोसेसरजवळची ८ पिनांची जोडणी राहून गेली, तर पंखे फिरतात पण पुढे काहीच होत नाही. ग्राफिक्स कार्डची ८ पिनांची तार तिच्यासारखीच दिसते, पण तिच्या पिनांची घडण वेगळी असते, म्हणून ती तेथे जोर लावून बसवू नये. ग्राफिक्स कार्ड असेल, तर पडद्याची तार कार्डालाच हवी. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नावाशेवटी एफ असतो, त्यांना स्वतःचे ग्राफिक्स नसते, त्यामुळे मदरबोर्डवरच्या खाचेतून चित्र येणारच नाही. प्रोसेसर मदरबोर्डपेक्षा नवा असेल, तर बायोसची जुनी आवृत्ती त्याला ओळखत नसण्याची शक्यता असते. ज्या बोर्डांवर फ्लॅशबॅकची सोय आहे, त्यांच्यावर पेन ड्राइव्हने प्रोसेसरशिवायही नवी आवृत्ती भरता येते.

नव्या जोडणीत भाग खराब निघण्यापेक्षा जोडणीच चुकलेली असण्याची शक्यता कितीतरी जास्त असते, असे माझे मत आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि बदललेली गोष्ट वहीत लिहावी, हा नियम मी पहिल्या दिवशी पाळला असता, तर रॅमच्या टप्प्यावर मी एकूण किती वेळ थांबलो, हे मला वहीतच दिसले असते.

बोर्ड परत बसवण्यापूर्वी मी तो कॅबिनेटवर धरून ९ छिद्रांखाली ९ स्टँडऑफ आहेत आणि दहावा कोठेही नाही, हे बोट लावून मोजले. स्क्रू आवळल्यावर तारा बांधायच्या आधी एकदा सुरू करून पाहिले, मग ग्राफिक्स कार्ड लावून पुन्हा पाहिले. रॅमची दुसरी पट्टी सगळ्यात शेवटी चौथ्या खाचेत बसवली. पडदा काळा झाला, रॅमचा दिवा पेटला, आणि तो विझेपर्यंत मी बटणाला हात लावला नाही.