एका पाटीच्या सात पाट्या: बेलग्रेड ते प्रिश्टिना

गाडीच्या नंबरच्या पाटीवर एमएच-१५ दिसली की नाशिक, एमएच-४१ दिसली की मालेगाव. जुन्या युगोस्लाव्हियातही असंच होतं: आधी शहराची दोन अक्षरं, मध्ये लाल चांदणी, मग आकडे. १९९१ पासून देश फुटत जाऊन त्याचे सात तुकडे झाले आणि पाटीवरून पहिली गेली ती चांदणी. तिच्या जागी कुठे काय बसलं हे प्रत्यक्ष रस्त्यावर वाचायचं असेल तर दोन आठवडे पुरतात. मार्ग असा: बेलग्रेड (सर्बिया), सारायेव्हो (बोस्निया), झाग्रेब (क्रोएशिया) आणि परत बेलग्रेड, हे साधारण ११०० किलोमीटर भाड्याच्या गाडीने, पुढे स्कोपये (उत्तर मॅसिडोनिया) आणि प्रिश्टिना (कोसोवो) बसने. माँटेनेग्रो या फेरीत बसत नाही, त्याच्या गाड्या वाटेत दिसतातच.

आधी कागद. शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच) 'मल्टिपल एंट्री'चाच मागा. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे; सर्बिया, बोस्निया, उत्तर मॅसिडोनिया आणि कोसोवो बाहेर आहेत, पण असा व्हिसा असेल तर थोड्या दिवसांसाठी वेगळा व्हिसा न मागता आत घेतात. नियम बदलतात, म्हणून तिकीट काढण्याआधी चारही देशांच्या दूतावासांची पानं उघडून बघा. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट नाशिकला पेठ रोडच्या आरटीओतून मिळतं. त्याच्या अर्जाला पासपोर्ट लागतो; व्हिसाची अट २०२२ मध्ये गेली. मुदत एक वर्षाची. गाडी घेताना देशाबाहेर नेण्याची लेखी परवानगी आणि विम्याचं ग्रीन कार्ड मागून घ्या. कोणकोणत्या देशात चालेल ते कार्डावरच छापलेलं असतं, काउंटर सोडण्यापूर्वी वाचा.

बेलग्रेडची पाटी 'बीजी'ने सुरू होते. शेजारी ढालीत सर्बियाचा क्रॉस आणि त्याखाली तीच शहराची अक्षरं बारीक सिरिलिकमध्ये, म्हणजे रशियन वळणाच्या लिपीत. ही मालिका २०११ ची. त्याआधी १९९८ पासून चांदणीच्या जागी युगोस्लाव्हियाचा झेंडा होता. २००३ मध्ये युगोस्लाव्हिया हे नावच संपलं, २००६ मध्ये माँटेनेग्रोही वेगळा झाला, तरी २०१० संपेपर्यंत नव्या पाट्यांवर तोच झेंडा बसत राहिला. देश आधी जातो, पाट्यांचा साठा मागाहून संपतो.

आता बोस्निया, आणि इथे घाई करू नका. सारायेव्होच्या कुठल्याही पार्किंगमध्ये वीस पाट्या सलग वाचा. शहर ओळखता येत नाही, कारण शहराचं अक्षरच नाही. शिवाय ठरावीक सात अक्षरंच सापडतात: ए, ई, जे, के, एम, ओ, टी. लॅटिन आणि सिरिलिक दोन्ही लिप्यांत सारखी दिसतात आणि उच्चारही तोच, म्हणून नेमकी हीच. बीचा आकार सिरिलिकमध्ये 'व' होतो, पीचा 'र', सीचा 'स', एचचा 'न', म्हणून ती बाद. १९९२ ते ९५ च्या युद्धात सर्ब, क्रोएट आणि बोस्नियाक अशा तीन फौजांच्या ताब्यातल्या भागांत तीन तऱ्हेच्या पाट्या होत्या. पाटी बघून माणूस कुठल्या बाजूचा ते कळायचं, आणि युद्ध थांबल्यावरही लोक गाडी घेऊन पलीकडे जायला धजत नव्हते. १९९८ मध्ये ही मुकी पाटी आली आणि गाड्या निर्धास्त इकडून तिकडे जाऊ लागल्या. २००९ मध्ये अक्षर-आकड्यांची मांडणी बदलली, सात अक्षरं तीच राहिली. आमच्या मते या फेरीतली सगळ्यात हुशार पाटी हीच.

क्रोएशियात ओळखायला सोपं: शहराची अक्षरं, मग लाल-पांढऱ्या चौकटींची ढाल. २०१६ पासून डावीकडे युरोपीय संघाची निळी पट्टीही आहे. काही शहरांच्या अक्षरांवर टोपीसारखी खूण असते. पार्किंगच्या मशीनमध्ये नंबर टाकताना इथेच चुकतं. झाग्रेबहून स्लोव्हेनियाची राजधानी ल्युब्लियाना १४० किलोमीटर. स्लोव्हेनियाच्या पाटीला हिरवी कड आणि मध्ये नगराचं बोधचिन्ह. गाडीने जाणार असाल तर हायवेसाठी ई-विन्येट (ठरावीक दिवसांचा टोल) ऑनलाइन घ्यावं लागतं आणि ते काचेला नाही, नंबरला चिकटतं. देशाच्या यादीत 'बीजी' निवडलं तर तो बल्गेरिया! बेलग्रेडच्या गाडीसाठी 'एसआरबी'च निवडा, ओ आणि शून्य तपासा. चुकीच्या नंबरावर घेतलेलं विन्येट म्हणजे विन्येट नसल्यासारखंच, दंड होतो. एकाच दिवसाचं काम असेल तर सरळ बस घ्या.

बेलग्रेडला गाडी परत करा. ती कोसोवोत नेऊ नका. ग्रीन कार्ड तिथे चालत नाही, हद्दीवर वेगळा विमा घ्यावा लागतो आणि भाड्याने देणारे बहुतेक जण मनाईच करतात. बेलग्रेडहून थेट प्रिश्टिनाची बसही टाळा. सर्बिया कोसोवोला वेगळा देश आणि त्या हद्दीला सरहद्द मानत नाही, त्यामुळे पासपोर्टवर बाहेर पडल्याचा शिक्का बसत नाही. आधी स्कोपये गाठा, तिथून प्रिश्टिना ९० किलोमीटर, आणि परतीचं विमान स्कोपयेहूनच धरा.

स्कोपयेची पाटी 'एसके'ने सुरू होते. तिला स्लोव्हाकियाची समजू नका, त्या देशाची खूणही 'एसके'च आहे. २०१९ मध्ये मॅसिडोनियाचं नाव उत्तर मॅसिडोनिया झालं तसं पाटीवरच्या देशाच्या खुणेत 'एमके'चं 'एनएमके' झालं, आणि जुन्या पाटीची गाडी देशाबाहेर नेताना स्टिकर लावणं आलं. आपल्याकडे २०२४ मध्ये तेलंगणाचं टीएस जाऊन टीजी आलं, जुन्या टीएस गाड्या मात्र तशाच पळतात.

कोसोवोच्या पाटीवर देशाची खूण 'आरकेएस' आणि सुरुवातीला जिल्ह्याचा आकडा, अगदी आपल्या १५-४१ सारखा: ०१ प्रिश्टिना, ०२ मित्रोव्हिका. सर्बिया मात्र याच शहरांच्या नावाने स्वतःच्या पाट्या देत राहिला. सप्टेंबर २०२१ मध्ये यावरून कोसोवोच्या उत्तरेत रस्ते अडवले गेले. मग हद्द ओलांडताना एकमेकांच्या राष्ट्रचिन्हांवर पांढरं स्टिकर चिकटवायची तडजोड झाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्बियाने कोसोवोतल्या शहरांच्या पाट्या देणं थांबवायचं कबूल केलं आणि जानेवारी २०२४ पासून स्टिकरही गेलं. कुणाच्या गाडीचा फोटो काढताना विचारा. उत्तर मित्रोव्हिकात आणि हद्दीच्या चौकीवर कॅमेरा बाहेरच काढू नका.

चांदणीवाली जुनी पाटी हवी असेल तर झाग्रेबचा मुक्काम रविवारी पडेल असं बघा. ब्रिटान्स्की त्रग चौकात सकाळी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, दुपारपर्यंत उठतो. युरोपात पाटी साधारण ५२ सेंटीमीटर लांब असते. ५५ सेंटीमीटरच्या केबिन बॅगेत चाकांमुळे आतली जागा कमी पडते आणि पत्र्याच्या धारेवरून सिक्युरिटीत हुज्जत होते. टॉवेलात गुंडाळून मोठ्या बॅगेच्या तळाशी आडवी ठेवा.