खुलताबादेत एकच कबर नाही

दौलताबादच्या कोटातल्या अरुंद दरवाजातून एसटी बाहेर पडली की थोड्या वेळाने घाट लागतो आणि घाट चढून गेलं की खुलताबाद. शनिवार होता, त्यामुळे गाडीतली निम्मी माणसं भद्रा मारुतीची. शेजारच्या मावशींनी रुईच्या पानांची माळ ओल्या फडक्यात गुंडाळून मांडीवर धरली होती. माझ्या खालाकडे बघून त्यांनी विचारलं, "तुम्हीपण मारुतीला का?" खाला म्हणाली, "नाही हो, आम्ही दर्ग्याला." "मग उतरायचं एकाच ठिकाणी," असं म्हणून मावशींनी सरकून तिच्या पिशवीला जागा करून दिली.

मी मिरजेची. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आसपास वाढले. दर्गा म्हटलं की मला उरुसातलं गाणं आठवतं, कारण आमच्याकडे अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर वर्षी तिथे मैफली होतात. खुलताबादला मात्र मी गाण्यासाठी गेले नव्हते. मार्च २०२५ मध्ये या गावातली एक कबर उखडून टाका, अशी मागणी राज्यभर गाजली. १७ मार्चला त्यावरून शेकडो किलोमीटर दूर नागपुरात हिंसाचार झाला, संचारबंदी लागली. त्या दिवसांत ओळखीची, चांगली माणसंसुद्धा मला विचारायची, "तुझं काय मत गं औरंगजेबाबद्दल?" हा प्रश्न ती एकमेकांना विचारत नव्हती, मला विचारत होती. म्हणून ठरवलं की ते गाव एकदा स्वतः चालून बघायचं.

पहिली गोष्ट लक्षात आली ती ही की खुलताबाद हे औरंगजेबाचं गाव नव्हतंच. त्याच्या कितीतरी आधीपासून ते सूफींचं गाव आहे, तेव्हा त्याला रौझा म्हणत. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास दिल्लीची राजधानी देवगिरीला हलवली, त्या लोंढ्यात निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब इथे आले. त्यांचे भाऊ मुंतजबुद्दीन, ज्यांना लोक जर जरी जर बक्ष म्हणतात, ते त्यांच्याही आधी येऊन इथेच वारले होते. बुऱ्हाणुद्दीन १३३७ मध्ये गेले आणि पुढे खानदेशच्या फारुकी सुलतानाने त्यांच्या नावाने तापीकाठी बुऱ्हाणपूर वसवलं. त्यांच्या दर्ग्याच्या फरशीत चांदीचे कोंब उगवत आणि ते विकून दर्ग्याचा खर्च चाले, अशी कथा सांगतात. खालाने ती लहानपणी ऐकली होती, तरी पुन्हा पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकली. याच आवारात हैदराबादच्या आसफजाही घराण्याचा मूळ पुरुष, पहिला निजाम, पुरलेला आहे. १९४८ पर्यंत मराठवाड्यावर ज्यांची सत्ता होती त्या घराण्याची सुरुवात इथे एका फकिराच्या पायाशी निजली आहे आणि आम्ही गेलो तेव्हा तिकडे कुणी वळूनही बघत नव्हतं.

वाटेत एका दर्ग्यात मजारीपर्यंत फक्त पुरुषांना प्रवेश होता. आम्ही दोघी जाळीपाशी थांबलो. खालाला त्यात काही वावगं वाटलं नाही, तिने जाळीला धागा बांधला आणि दुआ मागितली. मला वाटलं, आणि ते इथे स्पष्टच लिहिते. २०१६ साली याच महाराष्ट्रात शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायका चढल्या आणि त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने हाजीअली दर्ग्याच्या मजारीपर्यंत बायकांना जाऊ द्या, असा निकाल दिला. त्या निकालावर आनंद मानणारी मी, इथल्या जाळीपुढे गप्प बसले तर दुसऱ्यांच्या धर्मातल्या अन्यायावर बोलायचा मला काय हक्क उरतो?

जैनुद्दीन शिराजींचा दर्गा म्हणजे ते वादाचं ठिकाण. बाहेर पोलीस, नोंदवहीत नाव, ओळखपत्र, पिशवीची तपासणी. आत अंगणाच्या कोपऱ्यात औरंगजेबाची कबर. वर छत नाही, मध्यभागी उघडी माती आणि तिच्यात सब्जाचं रोप. भोवतालची संगमरवरी जाळी खूप नंतरची, लॉर्ड कर्झनच्या वेळची. १७०७ साली तो अहमदनगरजवळ भिंगारला मेला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला या दर्ग्यात आणून पुरलं. टोप्या शिवून मिळवलेल्या पैशांतून कबरीचा खर्च झाला, असं सांगतात.

खालाने फातिहा पढली. मी पढले नाही. डोळ्यांपुढे १६८९ मध्ये हालहाल करून मारलेले शंभूराजे होते आणि उपनिषदांचं फारसी भाषांतर करवून घेणारा दारा शुकोह होता, ज्याला सख्ख्या भावाने मारवलं. बाहेर आल्यावर खाला म्हणाली, "मेलेल्यासाठी दुआ मागताना त्याचा हिशोब आपण बघायचा नसतो बेटा. बघणारा वर आहे." तिच्या या श्रद्धेबद्दल मला मनापासून आदर आहे. माणूस म्हणून ती माझ्याहून मोठी आहे. पण इतिहासाचा हिशोब इथेच, खालीच मांडावा लागतो आणि तो मला मांडायचा आहे.

तो असा. मिरज आदिलशाहीत होती. माझे पूर्वज त्या काळी मिरजेत असतील तर ते विजापूरची रयत होते. ती आदिलशाही १६८६ मध्ये बुडवली कुणी? औरंगजेबाने. दुसऱ्या वर्षी गोवळकोंडा घेतला आणि तिथला शेवटचा सुलतान, अबुल हसन तानाशाह, याला दौलताबादच्या किल्ल्यात कैदेत टाकलं. तो कैदेतच मेला. त्याची कबरही याच खुलताबादेत आहे. म्हणजे ज्याने कैद केलं तो आणि जो कैदेत मेला तो, दोघं एकाच गावात. दख्खनच्या मुसलमान राज्यांचा शेवट ज्या बादशहाने केला, त्याचा वारस म्हणून आज दख्खनच्या मुसलमानाला उभं केलं जातं. आणि आमच्यातलीही काही पोरं चिडून, हट्टाने त्याचे फोटो स्टेटसला ठेवतात, तेव्हा मला त्याहून जास्त वाईट वाटतं. अरे, तो तुमचा नव्हे. तुम्हाला कुणी डिवचलं म्हणून कुणाला आपला म्हणायचं?

ज्याला आपला म्हणावं तो त्याच गावात, वस्तीपासून थोडा बाजूला आहे. मलिक अंबर. जन्म १५४८ च्या आसपास, इथिओपियात. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, बाजारांमागून बाजार फिरत दख्खनला पोचला, इथे निजामशाहीच्या पेशव्याने त्याला विकत घेतलं. त्या पोराने पुढे स्वतः निजामशाहीचा कारभार हातात घेतला आणि अकबर-जहांगीरच्या फौजांना वर्षानुवर्षं दख्खनमध्ये पाय रोवू दिले नाहीत. त्याचं बळ होतं मराठा घोडदळ, चपळ आणि डोंगर ओळखणारं. १६२४ ची भातवडीची लढाई त्याने जिंकली, मोगल आणि आदिलशाही दोन्ही फौजांविरुद्ध. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले आणि त्यांचे धाकटे बंधू शरीफजी तिथेच पडले. मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ पिराच्या नावावरून या दोन मुलांची नावं ठेवली, अशी परंपरा आहे. त्याच नगर भागात श्रीगोंद्याचे शेख महंमद होऊन गेले, मराठीत 'योगसंग्राम' लिहिणारे मुसलमान संत. हे सगळं एकाच मातीतलं आहे आणि शाळेत मला यातलं जवळजवळ काहीच शिकवलं गेलं नाही.

जहांगीरला अंबरचा इतका राग होता की त्याने एक चित्र काढवून घेतलं, ज्यात बादशहा अंबरच्या कापलेल्या मुंडक्यावर बाण मारतोय. प्रत्यक्षात ते त्याला कधीच जमलं नाही. अंबर १६२६ मध्ये आपल्या मरणाने, म्हातारा होऊन गेला. आज त्याच्या मकबऱ्यापाशी आम्ही दोघी आणि चरायला सोडलेल्या शेळ्या होतो. दगडी, रुंद, भक्कम इमारत, वर घुमट, शेजारी त्याची बायको बीबी करीमा हिचा मकबरा. या ठिकाणी मी फातिहा पढले.

खाली घाटापलीकडचं शहर त्यानेच १६१० मध्ये खडकी नावाने वसवलं. दूरवरून नहरीने पाणी आणलं. त्याच्या मुलाने शहराचं फतेहनगर केलं, औरंगजेबाने औरंगाबाद, आणि २०२३ मध्ये अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झालं. शंभूराजांचं नाव द्यायला माझी काही हरकत नाही, त्यांनी इथल्या मातीसाठी जीव दिला. वाईट याचं वाटतं की इतक्या वर्षांच्या भांडणात दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांना शहर वसवणाऱ्याची आठवण झाली नाही. तो मुसलमान होता म्हणून एकांना नको आणि मोगलांचा शत्रू होता म्हणून दुसऱ्यांच्या उपयोगाचा नाही. आता खुलताबादचंही रत्नापूर करा, अशी मागणी आहे.

दुपारी भद्रा मारुतीलाही गेलो. उभा किंवा उडणारा मारुती सगळीकडे दिसतो, इथला निजलेला आहे, शेंदूर माखलेला, पसरून विसावलेला. श्रावणात आणि हनुमान जयंतीला संभाजीनगरहून माणसं रात्रभर चालत इथे येतात. सकाळच्या मावशी भेटल्या आणि त्यांनी आम्हा दोघींच्या हातावर खोबरं-साखर ठेवली. खालाने ती बिस्मिल्ला म्हणून खाल्ली. बाहेर हार-नारळ विकणाऱ्या एका दुकानदाराशी बोलत होते. वादाच्या दिवसांत काय झालं, असं विचारलं तर म्हणाला, "ताई, टीव्हीवाले आले, गाड्या आल्या, गिऱ्हाईक गेलं. दर्ग्याचं बी गेलं आन मारुतीचं बी." फुलं एकाच मळ्यातून दोन्हीकडे जातात, हेही त्यानेच सांगितलं.

संध्याकाळी शहरात नान खलिया खाल्ला. मटणाचा पातळ रस्सा, हळदीचा पिवळेपणा, वर तांबडी तर्री, आणि भट्टीतले मऊ नान. तुघलकाच्या लष्करासाठी मोठ्या कढयांत शिजवता यावा म्हणून हा पदार्थ निघाला, असं इथे सगळेच सांगतात. असेलही, पण त्या तर्रीतली मिरची भारतात आली पोर्तुगीजांबरोबर, तुघलकानंतर पावणेदोनशे वर्षांनी. त्यामुळे तुघलकाचा खलिया असलाच तर तो तांबडा नव्हता. खालाला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "जेव आधी, गार होतंय."

जाणार असाल तर मंगळवार टाळा, कारण वेरूळची लेणी त्या दिवशी बंद असतात आणि खुलताबादहून वेरूळ अगदी जवळ आहे. वेरूळला कैलास बघून लगेच परत फिरू नका, भोसल्यांची गढी आणि मालोजीराजांची समाधीही बघा, मगच भातवडीची गोष्ट नीट जुळते. ओळखपत्र जवळ ठेवा. मलिक अंबरच्या मकबऱ्याकडे न्यायला रिक्षावाल्याला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो सरळ पोलीस उभे असतील तिथे नेऊन सोडतो. दिवाळीच्या आगेमागे गेलात तर दौलताबादच्या रस्त्यावर सीताफळं मिळतील, पाटीतली डोळे उघडलेली निवडून घ्या.